पावणेनऊची शाळा

आमच्या शाळेची वेळ सव्वासातवरून पावणेनऊ झाली ती माझ्यामुळे, आणि पाच महिन्यांनी ती पुन्हा सव्वासात झाली तीही माझ्यामुळेच. पहिल्या गोष्टीबद्दल लोकांनी माझे कौतुक केले. दुसरीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. त्यामुळे ती मलाच लिहावी लागते आहे.

आमची लाँड्री आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आमच्या ह्यांनी वाढवली आणि हे गेल्यापासून एकोणीस वर्षे ती माझ्या शब्दावर चालते. खाली बॉयलर, धुलाईची यंत्रे आणि इस्त्रीचे गरम रूळ. वर आम्ही राहतो. रुग्णालयाच्या चादरी रोज पहाटे इस्त्री होऊन बाहेर पडतात आणि त्यात एका दिवसाचाही खंड पडल्याचे मला आठवत नाही. गल्लीत मला मोठ्या बाई म्हणतात. हे नाव मी मागून घेतलेले नाही. पण मिळाल्यावर ते सांभाळले, हे मात्र खरे.

चादर रुळातून बाहेर येते तेव्हा कडक असते आणि हाताला चटका देते. एकट्या माणसाला तिची घडी घालता येत नाही. दोघांनी दोन-दोन टोके धरायची, एकदा ताणायची, एकमेकांकडे चालत यायचे, टोके जुळवायची, खालची कड उचलायची आणि पुन्हा मागे जायचे. एका चादरीला तीन वेळा दोन माणसे समोरासमोर येतात. ही जोडी आधी सासूबाईंची आणि माझी होती, मग सूनबाईची आणि माझी. सूनबाई रुळावर उभी राहू लागली तेव्हा माझ्यासमोर नात आली. त्या वेळी ती दहा वर्षांची होती; या गोष्टीच्या वेळी चौदाची. तान्ही असताना रात्री टक्क जागी राहायची आणि दिवसभर झोपायची, म्हणून तिच्या बापाने तिला पिंगळी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव राहिले.

सव्वापाचला आम्ही दोघी उभ्या राहायचो. साडेसहाला रुग्णालयाचा माल गाडीत चढायचा आणि पिंगळी तोंडावर पाणी मारून सव्वासातच्या शाळेला पळायची. कधी चादर धरल्याधरल्याच उभ्या-उभ्या तिचा डोळा लागे. मग मी माझ्या बाजूने चादरीला एक झटका देत असे. चादर फट्‌कन वाजते, समोरच्याच्या मनगटाला हिसका बसतो आणि माणूस जागा होतो. आमच्याकडे याला कोणी रागावणे म्हणत नाही. सासूबाईंनी मला असे हजार झटके दिले असतील.

एके दिवशी दुपारी तिच्या गणिताच्या बाई लाँड्रीत आल्या. अंगाने काडी, पण जिभेने सुरी.

"मोठ्या बाई, तुमची नात पहिल्या तासाला झोपते."

"मग उठवा. पगार कशाचा घेता?"

"उठवते की! पण उठवलेली मुलगी आणि जागी मुलगी, यांत फरक असतो."

त्यांनी पिंगळीची वही माझ्यापुढे उघडली. आकडे नीट ओळीत चाललेले होते. मग एका आकड्याचा पाय घसरला होता आणि पेनाची रेघ ओळ सोडून पानाच्या पार खालच्या कडेपर्यंत गेली होती. खाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, तेच गणित पुन्हा मांडून बरोबर सोडवलेले होते.

"हे गणित वर्गात तिघांनाच सुटलं," बाई म्हणाल्या. "त्या तिघांत झोपेत सोडवणारी ही एकटीच. पुढच्या वर्षी आम्ही गणिताची वेगळी तुकडी काढतोय. बाराच मुलं घेणार. वर्षभर दर सोमवारी पहिल्या तासाला चाचणी, त्यावरच निवड. त्या तुकडीतली मुलं पुढे हवं ते शिकतील. बाकीची बहुतेक आपापल्या बापाच्या दुकानात बसतील."

"बापाच्या दुकानात बसणं वाईट आहे का?"

"मुळीच नाही. पण बसायचं की नाही, ते तिला ठरवता आलं पाहिजे."

मग त्यांनी मूळ विषय काढला. या वयाच्या मुलांना रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. हा आळस नव्हे, वाढीचाच एक भाग आहे.

"म्हणजे आमच्या काळी मुलं वाढतच नव्हती म्हणायची!"

"वाढत होती, बाई. पेंगत पेंगत वाढत होती." त्या हसल्या नाहीत. "शाळेची वेळ पुढे न्यायचा अर्ज दोन वर्षं समितीपुढे पडून आहे. पालक बोलायलाच येत नाहीत. तुमच्या गल्लीतला तर एकही माणूस आजवर आलेला नाही."

खरे सांगायचे तर वही पाहून मला दुखले आणि ते वाक्य मला झोंबले. आणि माणूस झोंबलेल्या जागीच आधी हात लावतो. माझ्या गल्लीतला एकही माणूस नाही? पुढच्या बैठकीला मी तेवीस घरांतली माणसे घेऊन गेले. बेकरीवाल्याला दुकान बंद करायला लावले. गॅरेजवाला हात धुवायलाही थांबला नाही. मुख्याध्यापकांनी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सकाळी सव्वासातला आमच्या दोरीवरची चादरसुद्धा नीट वाळलेली नसते. ओल्या चादरीला इस्त्री केली तर डाग पडतो, हे आम्हां धुणाऱ्यांना कळतं. शिकवणाऱ्यांना कळू नये?" टाळ्या पडल्या. समितीने एक सत्र पावणेनऊची वेळ करून पाहायचे ठरवले. घरी येताना पिंगळी माझा हात धरून चालत होती. लहानपणानंतर तिने माझा हात धरला तो त्याच दिवशी.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर माझा मुलगा पाटावरून उठला नाही.

"आई, एक बोलू? स्टेशनजवळच्या हॉटेलचा माल आपण वर्षभर नाकारतोय. साडेसहानंतर घडीला माणूस नसतं म्हणून. आता पिंगळी आठपर्यंत मोकळी आहे."

सूनबाई भांडी आवरत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "आई, तुम्ही झोपेसाठीच भांडलात ना?"

लग्न होऊन आल्यापासून ती धंद्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच बोलली होती. मी म्हणाले, "कामाच्या बोलण्यात मध्ये पडू नकोस."

आमच्या घरात काही वाया जात नाही. फाटक्या चादरीचे अभ्रे होतात, फाटक्या अभ्र्यांची फडकी होतात आणि फडक्यांची पायपुसणी. दीड तास हाती आला आणि तो कोणी अंथरुणावर लोळून घालवायचा, हे माझ्या हाडांना पटेना. तो तास मी स्वतः भांडून मिळवला होता आणि कशासाठी मिळवला होता हेही मला ठाऊक होते. तरी हातात आल्यावर तो मला फक्त रिकामा दिसला. मी मुलाला म्हणाले, "घे माल. तिला शाळेआधी अर्धा तास डुलकी काढता येईल." हॉटेलबरोबर वर्षाचा करार झाला. लाँड्री माझ्या नावावर असल्यामुळे सही माझी.

पहिल्या सोमवारी पाच वाजता मी तिला हाक मारली. तिने पांघरूण डोक्यावर ओढले.

"आजी, आजपासून पावणेनऊ ना?"

"शाळा पावणेनऊ. चादरी सव्वापाच."

हे वाक्य मला त्या वेळी इतके आवडले की दिवसभरात मी ते तीन जणांना ऐकवले. त्या डुलकीचा अर्धा तास कधी आला नाही. हॉटेलच्या चादरी मोठ्या आणि जाड. आठला माल गाडीत चढेपर्यंत पिंगळीचे हात लाल होत. तिची उठण्याची वेळ तीच राहिली, कामाची लांबी तेवढी वाढली.

आणि हे एकट्या आमच्याच घरात नव्हते. घरोघरी मातीच्या चुली. बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली आठपर्यंत पाव बांधत. गॅरेजवाल्याची मुलगी सकाळच्या पहिल्या गाड्या धुई. भाजीवालीने आपल्या मुलीला बाजारातून माल आणायला धाडायला सुरुवात केली. शाळेने मुलांना दीड तास दिला होता. तो शाळेच्या फाटकातून गल्लीत शिरला आणि प्रत्येक दाराने आपापला तुकडा उचलला. आम्ही एकमेकींना भेटत होतो, "पोरगी हाताशी आली" असे कौतुकाने म्हणत होतो, आणि ती कशी हाताशी आली हे कोणीही कोणाला विचारत नव्हते.

सत्र संपण्याच्या आठवड्यात गणिताच्या बाई पुन्हा आल्या. या वेळी सकाळी साडेसातला. आम्ही हॉटेलच्या चादरींवर होतो. बाई दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. पिंगळीने त्यांना पाहिले आणि तिच्या हातातले एक टोक सुटले.

"वर जा," मी तिला म्हणाले. तिची जागा सूनबाईने घेतली.

"मला वाटलंच होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज पहिल्या तासाला किती डोकी बाकावर टेकतात, ते मी लिहून ठेवते. सव्वासातच्या वेळी जेवढी होती, जवळजवळ तेवढीच आजही आहेत. परवा समितीपुढे तो कागद जाईल. मुख्याध्यापक म्हणतील, उपयोग झाला नाही, वेळ पुन्हा मागे घ्या."

"मग मी काय करू?"

"खरं सांगा. वेळ चुकीची नव्हती, मुलांना ती मिळालीच नाही, एवढंच सांगा. तुम्ही बोललात तर गल्ली बोलेल. निदान आणखी एक सत्र मिळेल. पिंगळी तुकडीच्या यादीत तेरावी आहे, बाई. बाराव्या मुलात आणि तिच्यात दोन गुणांचं अंतर आहे. मला दुसरं काही नको. तिला चार सोमवार झोपलेली पाठवा."

"म्हणजे झोपेतच पाठवू?"

"झोपून उठलेली," त्या म्हणाल्या. माझा विनोद त्यांनी खाली पडू दिला.

मी म्हणाले, "बघू." आमच्या घरात माझे 'बघू' म्हणजे होकार, हे बाईंना ठाऊक नव्हते; पण सूनबाईला ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातली चादर थोडी सैल झाली.

बैठकीला या वेळी मुलांनाही बोलावले होते. ती मागच्या भिंतीशी बाकांवर बसली होती. मला पुन्हा पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. समितीच्या टेबलामागे एक नवे सभासद होते, ते म्हणजे स्टेशनजवळच्या हॉटेलचे मॅनेजर. त्यांनी मला पाहून मान लववली. माझ्या मुलाने त्यांच्याहून खाली मान लववली.

बाईंनी कागद वाचला. मुख्याध्यापक म्हणाले, "आकडे तुमच्यासमोर आहेत. मुलं झोपतातच आहेत. कारण काय?"

बेकरीवाला आपल्या नखांतले पीठ काढत बसला. गॅरेजवाला छताकडे बघत होता. भाजीवाली एवढेच पुटपुटली, "पोरं रात्री झोपतच नाहीत हो वेळेवर."

"मोठ्या बाईंना विचारा की!" मागून कोणीतरी म्हणाले. "वेळ त्यांनीच आणली. त्यांच्या घरातली शिस्त कशी आहे, ते तरी कळू दे!" दोघे-तिघे हसले.

मी उभी राहिले. काय बोलायचे ते मी ठरवून आले होते आणि ते अवघड नव्हते. 'तो दीड तास माझ्या घराने खाल्ला, आणि तुमच्याही घरांनी खाल्ला.' दोन वाक्ये, तीही माझ्या नेहमीच्या आवाजात. पण टेबलामागे हॉटेलचे मॅनेजर होते, शेजारी माझा मुलगा होता, मागे माझी गल्ली होती, आणि या सगळ्यांनी एकोणीस वर्षांत माझ्या तोंडून चूक झाल्याचे एकदाही ऐकले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायला लागणारे बळ माझ्यात आहे अशी माझी समजूत होती. ते नव्हते.

मी म्हणाले, "हल्लीची मुलं रात्री फोनमध्ये डोकं घालून बसतात. शाळा दुपारी भरवलीत तरी ती पेंगणारच."

सगळ्या खोलीने श्वास सोडला. बेकरीवाला जोरात म्हणाला, "अगदी बरोबर!" भाजीवालीने पदराने तोंड पुसले. कोणीतरी टाळी वाजवली. मुख्याध्यापकांनी लिहून घेतले, "कारण : मोबाइल फोन," आणि पंधरा मिनिटांत शाळा पुन्हा सव्वासातची झाली. गणिताच्या बाईंनी आपला कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या मागच्या भिंतीकडे, मुलांच्या बाकांकडे पाहत होत्या.

घरी येताना मुलगा आणि सूनबाई पुढे होती. पिंगळी माझ्याबरोबर चालत होती, पण दोन हात अंतर ठेवून.

"आजी," ती म्हणाली, "माझ्याकडे फोन नाही."

"ठाऊक आहे मला."

"बेकरीवाल्यांच्या मुलींकडेही नाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना!"

तिने आणखी काही विचारले असते तर बरे झाले असते. चौदा वर्षांच्या मुलीने आजीला उलट उत्तर द्यावे, पाय आपटावेत, रडावे. मग आजीला तिला गप्प करता येते. तिने यांतले काही केले नाही. ती घरी आली, जेवली, ताट घासले आणि झोपली.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी लक्षात आली. शाळा मागे गेली, पण हॉटेल कसे मागे जाणार? तेवढ्याच चादरी आता साडेसहाच्या आत घडी व्हायला हव्या होत्या. मुलाने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "पावणेचारला रूळ तापवावा लागेल." त्याने ते पिंगळीकडे न बघता सांगितले. एवढी लाज त्याच्यात आहे, हे पाहून मला त्या दिवशी बरे वाटले. काय पण बरे वाटायची वेळ!

चौथ्या दिवशी तो एक खोके घेऊन आला. आत नवा फोन होता.

"हे काय?" मी विचारले.

"पिंगळीला. आई, भर सभेत तुम्ही बोललात. उद्या मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, तुमच्या नातीकडे कुठला फोन आहे, तर? तुमचा शब्द खोटा पडायला नको."

सूनबाई हसली. ते हसणे मी तिच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहायची मला इच्छा नाही.

पिंगळीने फोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, मी तुकडीच्या चाचणीतून नाव काढून घेतलं."

"कोणाला विचारून?" मी म्हणाले.

"कोणालाच नाही. बाईंना तसं लिहून दिलं. शेवटच्या बाकावर बसून शून्य आणण्यापेक्षा ते बरं."

"उद्या जाऊन पुन्हा नाव घाल." मला वाटले माझा आवाज नेहमीचाच होता, पण खाली कपडे वाळत घालणारी बाई दचकून वर बघू लागली. "हॉटेलचा माल बंद. मी सांगते म्हणून बंद."

मुलगा म्हणाला, "आई, वर्षाचा करार आहे. सही तुमची आहे."

मी बाईंकडे माणूस पाठवला. त्यांनी निरोप दिला की उरलेल्या चाचण्यांना बसणाऱ्यांची यादी वर गेली आहे, आता तीत नाव घालता येत नाही. आणि पुढे असेही सांगितले की मोठ्या बाईंनी स्वतः येण्याची तसदी घेऊ नये. मी गेले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी येऊ नका म्हटल्यावर न जाणे सोपे झाले, एवढे मात्र सांगते.

आता मला पिंगळीला हाक मारावी लागत नाही. फोन पावणेचारला वाजतो आणि दुसऱ्यांदा वाजण्याआधी ती तो बंद करते. मी गुडघे धरत जिना उतरते तेव्हा ती रुळापाशी केस बांधून उभी असते. काम चोख करते. चादरीची कड सुतासारखी सरळ, टोकाला टोक, कुठे चुणी नाही. माझ्या सासूबाईंनाही तिच्यात खोट काढता आली नसती. शाळेत आता ती झोपत नाही, असे ऐकते. शाळेत ती आता काहीच करत नाही, असेही ऐकते.

ती माझ्याशी बोलते. विचारले की उत्तर देते, आणि 'आजी' म्हणूनच देते. मागच्या आठवड्यात दोन चादरींच्या मध्ये तिने खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"एवढं काय बघतेस गं त्यात?" मी विचारले. थोडी गंमत करावी, असे माझ्या मनात होते.

"वेळ," ती म्हणाली, चालत माझ्यापर्यंत आली, तिच्याकडची टोके माझ्या हातात दिली आणि पुढची चादर घ्यायला वळली.